बांधाकडची ओळ

बिदरकडच्या राजेश्वर गावच्या शिवारात श्रीपतरावांची केशर आंब्याची बाग आहे. रोपं लावली तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बैलगाडीवर टिपाड ठेवून नवराबायकोनं दोन उन्हाळे पाणी घातलं आणि झाडं जगवली. आता श्रीपतराव पासष्टीच्या पुढं गेले, तरी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बागेत एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका वर्षी थोरल्या भावाच्या आजारपणात ते लातूरच्या दवाखान्यात अडकले आणि ऐन मोहोर फुटताना फवारणी चुकली. परत आले तर तुडतुड्यांनी मोहोर शोषून काळा केला होता. पानांवर चिकट थर बसला होता आणि झाडाखालून चालताना वाळलेली फुलं पायाखाली चुरचुरत होती. त्या वर्षी पहिलटकरणीच्या डोहाळ्यालासुद्धा बागेत कैरी मिळाली नाही, असं त्यांची बायको राजूबाई सांगत. तेव्हापासून श्रीपतरावांच्या मनात एक भीती बसली. झाड औषधानं न्हाऊन निघालं पाहिजे, पानापानावरून थेंब गळला पाहिजे, तरच ते निर्धास्त होत. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की सगळी बाग पांढऱ्या धुक्यात बुडायची. त्या धुक्याकडं बघून त्यांना बरं वाटायचं.

बागेच्या पूर्वेला बिराप्पा आणि अनसाबाईचं रान. मध्ये नुसता एक बांध. बिराप्पाचे आजे-पणजे मेंढरं घेऊन औरादच्याही पलीकडं फिरत. बिराप्पानं मात्र एका जागी बस्तान बसवलं. थोडी मेंढरं ठेवली, बाकी विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. भाजीचं सगळं अनसाबाईकडं. पेरायचं, खुरपायचं, जुड्या बांधायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. तिची मेथी गावात नावाजलेली होती.

राजूबाई आणि अनसाबाई कितीतरी वर्षं त्या बांधावर बसून दुपारची भाकरी एकत्र खात. एकीच्या फडक्यात ज्वारीची भाकरी असली तर दुसरीच्या डब्यात पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. एकमेकींच्या बाळंतपणातही त्या दोघी होत्या.

हे सगळं गेल्या वर्षी बंद पडलं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी बिराप्पाची मेंढरं बांधावर चरली आणि त्यातली तीन संध्याकाळपर्यंत तोंडाला फेस येऊन मेली. अनसाबाई बागेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. श्रीपतराव म्हणाले, "कायबी खाल्लं आसंल त्येनी. माझंच औषध कशावरून?" अनसाबाई तशीच मागं फिरली. घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बाभळीच्या काट्या आणून तिनं बांधावर लांबलचक कुंपण घातलं. राजूबाईची यायची-जायची वाटसुद्धा त्यात बंद झाली.

बिराप्पा भेटला की बोलायचा. तो कुणाशी फार वेळ रागावू शकत नसे. पण अनसाबाई समोर आली तर मान वळवून निघून जायची. राजूबाई एकट्याच झाडाखाली बसून भाकरी खात आणि उरलेली बांधून परत आणत.

श्रीपतरावांचा मुलगा व्यंकट बिदरला डिप्लोमा करून पुण्याच्या एका कारखान्यात होता. तो दोन वर्षांपूर्वी परत आला आणि त्यानं बागेचं काम हातात घेतलं. यंदा मोहोराच्या आधी त्यानं जुन्या ब्लोअरलाच एक नवा संच बसवून घेतला. दोन्ही बाजूंना वरखाली काळ्या डब्या, आतून वायरी, आणि ट्रॅक्टरच्या सीटपाशी एक छोटी पेटी.

"हे डोळे हायत का?" श्रीपतरावांनी विचारलं.

"डोळे न्हाईत आप्पा, कान म्हणा. ह्यातून आवाज निघतो, आपल्याला ऐकू येत न्हाई. तो झाडावर आदळून मागं आला की मशीनला कळतं, हितं झाड हाय. मग त्या बाजूची नोझलं उघडतात. झाड संपलं, मोकळी जागा आली, की बंद. उंच झाड आसंल तर वरची बी उघडतात, बुटकं आसंल तर खालचीच."

"आन मधल्या जागंत?"

"मधल्या जागंत काय मारायचंय? तितं तुडतुडे बसत न्हाईत."

पहिल्या फवारणीला श्रीपतराव बांधावर उभे राहून बघत होते. ट्रॅक्टर झाडापाशी आला की फवारा उठायचा, झाड ओलांडलं की टक असा आवाज होऊन थांबायचा. पुन्हा झाड, पुन्हा फवारा, पुन्हा टक. जी टाकी पूर्वी सात ओळींत रिकामी व्हायची ती दहाव्या ओळीपर्यंत पुरली. व्यंकट खूश होता. श्रीपतराव मात्र प्रत्येक टक आवाजाला मान उंचावून सुटलेल्या जागेकडं बघत होते. बागेत धुकं नव्हतं. झाडांच्या मधून पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसत होतं आणि ते बघून त्यांना बाग उघडी पडल्यासारखी वाटली.

"पानं वली हायत बगा," व्यंकटनं एक डहाळी उलटी करून दाखवली. "खालून बी."

"व्हय, हायत," ते म्हणाले. पण घरी येऊन जेवताना त्यांचा घास हातातच राहिला होता, हे राजूबाईंनी पाहिलं.

पंधरवडा गेला. व्यंकटला साल्याच्या साखरपुड्याला उदगीरला जावं लागलं. दुसऱ्या फवारणीचं तो परत आल्यावर बघणार होता. जाताना त्यानं वडिलांना सांगितलं, "मोहोरावर लक्ष ठेवा. घाई करू नका. मी उद्या सांजच्याला येतोच."

तो गेला आणि दुपारी श्रीपतराव बागेत गेले. एका फांदीला त्यांनी हातानं हलकेच टपली मारली. मोहोरातून दहा-वीस तुडतुडे उडाले आणि परत बसले. त्यांनी दुसरी फांदी हलवली, तिथंही तेच. व्यंकटनं सांगितलं होतं की थोडे दिसले म्हणून घाबरायचं नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते जुनं वर्ष उभं राहिलं, तो काळा मोहोर, तो चुरचुर आवाज. उद्या संध्याकाळ फार लांब वाटायला लागली.

त्यांनी टाकी भरली, औषध घातलं, ट्रॅक्टर बाहेर काढला. सीटपाशी पेटीवर एक खटका होता. एका बाजूला केला की मशीन आपल्या अकलेनं चालायचं, दुसऱ्या बाजूला केला की सगळी नोझलं पूर्वीसारखी कायम उघडी राहायची. काही बिघडलं तर असावा म्हणून व्यंकटनं तो ठेवला होता. श्रीपतरावांनी तो खटका दुसऱ्या बाजूला केला.

धुकं उठलं. त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आल्यासारखं झालं, तोंडावर फडकं बांधलेलं असूनही. एकेक ओळ संपत गेली. वारा पश्चिमेकडून होता आणि दुपार चढेल तसा वाढत होता, पण इंजिनाच्या आवाजात तो त्यांच्या लक्षात आला नाही. शेवटच्या, बांधाकडच्या ओळीत ते शिरले तेव्हा त्यांनी सहज मान वळवली. पांढरा फवारा झाडांच्या वरून निघून, काट्यांच्या कुंपणावरून, एखादी पातळ चादर झटकावी तसा अनसाबाईच्या रानावर पसरत होता. खाली हिरवीगार मेथी होती, हातभर अंतरावर वाफे आखलेले.

त्यांनी ब्लोअर बंद केला. रानात कुणी नव्हतं. अनसाबाई बहुतेक घरी गेली होती, बिराप्पा मेंढरं घेऊन ओढ्याकडं. मेथीची पानं थोडा वेळ चकाकली आणि बघता बघता उन्हानं सुकून गेली. मग ती पूर्वीसारखीच दिसायला लागली. कुणाला काही कळण्यासारखं राहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी साबण लावून अंघोळ केली. राजूबाईंनी चहा दिला. तो ते तसाच धरून बसले.

"काय झालं?" राजूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

थोड्या वेळानं राजूबाई सहज म्हणाल्या, "अनसाची मेथी काढणीला आलीया. उद्या बाजार हाय, पहाटंच उपटंल. मगाशी रस्त्यानं दिसली, गोणपाटं धुवायला न्यायली व्हती."

श्रीपतरावांनी कप खाली ठेवला. बाजारातल्या पोत्यावर मांडलेल्या जुड्या त्यांना दिसल्या. त्या जुड्या कोणाच्या घरी जातील, कोणाच्या परातीत चिरल्या जातील, हे त्यांना ठाऊक होतं, कारण गावातली निम्मी घरं तीच मेथी घेत. त्यांची स्वतःची लेक, जी गावातच दिली होती, तीसुद्धा. पण लेकीचं नाव मनात यायच्या आधीच ते उठले होते. चपला घातल्या आणि कुणाला न सांगता बाहेर पडले.

दिवस मावळायला आला होता. अनसाबाई अंगणात गोणपाटं पिळून दोरीवर टाकत होती. बिराप्पा मेंढरं वाड्यात कोंडत होता. श्रीपतराव दारात दिसल्यावर बिराप्पा म्हणाला, "या आण्णा, बसा."

"बसाया न्हाई आलो." ते अनसाबाईकडं वळले. "अनसाबाई, उद्या मेथी काढू नगा."

ती गोणपाट हातात धरून उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"कामून?"

"माझं औषध पडलंय तिच्यावर. आज दुपारी. वारं तुमच्याकडं व्हतं आन मी बघितलं न्हाई. बघितलं तवा पडून गेलं व्हतं."

बिराप्पा वाड्याचं फाटक धरून तसाच थांबला. अनसाबाईनं रानाकडं पाहिलं. मग म्हणाली, "सगळ्या वाफ्यावर?"

"बांधाकडच्या सगळ्याच. त्याच्या पुढं किती गेलं म्हाईत न्हाई. समदीच सोडा."

"त्ये नवं मशीन तर झाडावरच मारतं म्हणं. व्यंकट सांगत व्हता ह्येनला."

"मारतं. मीच त्येला मारू दिलं न्हाई. खटका फिरवला आन समदी नोझलं सोडली." त्यांनी बागेकडं हात केला. "मला भ्याव वाटलं."

अनसाबाईनं गोणपाट दोरीवर टाकलं, त्याच्या सुरकुत्या हातानं सरळ केल्या. मग मागं न वळता तिनं विचारलं, "मेंढरं मेली तवा कामून आला न्हाईत, आण्णा? तवा बी असंच येऊन सांगाया पायजे व्हतं."

श्रीपतरावांना या प्रश्नाची भीती होतीच. वाटेत त्यांनी दोन-तीन उत्तरं जुळवली होती. ती त्यांनी सोडून दिली.

"तवा ते माझंच औषध व्हतं का, ते मला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "आन ठावं करून घ्यायचं बी नव्हतं."

अनसाबाईनं मान हलवली. रागानं की कशानं ते त्यांना कळलं नाही. बिराप्पाच मग पुढं आला आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "घरी जावा आण्णा. अंधार पडायलाय. बगू सकाळच्याला."

घरी येऊन त्यांनी राजूबाईंना सगळं सांगितलं. राजूबाई ऐकून घेत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं केलाव, गेलाव ते."

सकाळी सूर्य वर यायच्या आत राजूबाई काट्यांच्या कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडं अनसाबाई आणि बिराप्पा मेथी उपटत होते. जुड्या बांधत नव्हते, नुसते ढीग लावत होते. रानाच्या टोकाला, विहिरीपासून लांब, बिराप्पानं खड्डा खणायला घेतला होता. मेंढरांनी तोंड लावू नये म्हणून सगळी मेथी पुरायची होती.

"अनसा," राजूबाईंनी हाक मारली. "मी येऊ का?"

अनसाबाईनं वर पाहिलं. पदरानं कपाळ पुसलं. मग ती उठून आली, काठीनं एक काटी उचलली, बाजूला केली, दुसरी केली. एक बाई आत येईल एवढी जागा झाली.

"हाताला कायतरी बांदून घे, अक्का," ती म्हणाली. "पानाला हात लावू नगं तसाच."

दोघी शेजारी शेजारी बसून उपटत राहिल्या. एवढी कोवळी, वासाची मेथी ढिगात टाकताना अनसाबाईचा हात मधूनच थांबायचा. एकदा ती म्हणाली, "यंदाचं बियाणं लई चांगलं निघालं व्हतं." राजूबाईंनी आपला ढीग उचलून खड्ड्याकडं नेला.

संध्याकाळी येतो म्हणालेला व्यंकट आईचा फोन ऐकून सकाळच्याच गाडीनं निघाला आणि दुपारी आला. त्यानं औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचलं. आंब्याला फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते लिहिलं होतं. मेथीचं नावही नव्हतं. पुरलं तेच बरं झालं, असं तो म्हणाला. वडिलांवर तो ओरडला नाही. ट्रॅक्टरपाशी जाऊन तो खटका बघत उभा राहिला.

"हा खटका काढून टाकतो, आप्पा."

"नगं काढू," श्रीपतराव म्हणाले. "मशीन बिघडलं तर लागंल. मी न्हाई हात लावणार त्येला."

"भ्याव वाटत व्हतं तर मला फोन करायचा."

"काय सांगू फोनवर? मशीन गप झालं की माझा जीव गप व्हायलाय, आसं सांगू?" ते बांधाच्या दगडावर बसले. "तुला हसू ईल. पण दोन झाडाच्या मधी ते टक करून थांबतं ना, तवा मला वाटतं, हितूनच आत शिरतेल. समदी बाग खातेल."

व्यंकटला हसू आलं नाही. तो वडिलांशेजारी बसला. लहानपणी त्यानं तो काळा मोहोर पाहिला होता, पण त्या वर्षी आप्पा किती घाबरले होते, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

चार-पाच दिवसांनी बिराप्पा निरोप घेऊन आला. अनसाबाईला मशीन बघायचं होतं. "नुसतं पाणी घालून चालवा म्हणायली. तिला तिच्या डोळ्यानं बगायचंय, आपल्या रानात काय येतं आन काय न्हाई."

व्यंकटनं टाकी धुऊन स्वच्छ पाणी भरलं. खुणेसाठी त्यानं पिवळे कागद मागवले होते, ज्यांच्यावर थेंब पडला की निळा डाग उठतो. अनसाबाईनं ते कागद हातात घेऊन बघितले आणि परत दिले. "ह्ये तुमचं तुमी बगा," ती म्हणाली. तिनं घरातून बिराप्पाची काळी घोंगडी आणली होती. ती तिनं काट्यांच्या कुंपणावर, शेवटच्या ओळीच्या समोर पसरली. काळ्या लोकरीवर पाण्याचा बारीक थेंबसुद्धा पांढरा चमकतो, हे तिला माहीत होतं.

वारा पडलेला होता. व्यंकटनं मशीन आपोआप चालण्यावर ठेवलं आणि बांधाकडच्या ओळीतून ट्रॅक्टर नेला. फवारा झाडावर उठला, मध्ये थांबला, पुन्हा उठला. इंजिन बंद झाल्यावर सगळे घोंगडीपाशी आले. झाडांच्या मधल्या जागेसमोर घोंगडी कोरडी होती. पण जिथं समोर झाड होतं, तिथं थेंबच थेंब चमकत होते.

अनसाबाईनं तळवा फिरवला आणि ओला हात व्यंकटसमोर धरला.

व्यंकटचा चेहरा पडला. "झाडातून आरपार येतंय," तो म्हणाला. "मशीनला झाड कळतं, मावशी. झाडाच्या पलीकडं कुणाचं रान हाय, ते कळत न्हाई."

"मग ते कुणाला कळायचं?" अनसाबाईनं विचारलं.

मग व्यंकट खाली वाकला आणि ब्लोअरच्या बांधाकडच्या बाजूची सगळी नोझलं हातानं बंद करायला लागला. "शेवटच्या ओळीला रानाकडं तोंड करून मारायचंच न्हाई. बांधाच्या कडेनं जायचं, आन फकस्त बागंकडच्या नोझलांनी, तोंड आत करून." पंख्याचा जोरही त्यानं कमी केला. घोंगडी झटकून, थोडी उन्हात धरून अनसाबाईनं पुन्हा अंथरली. या वेळी ट्रॅक्टर शेवटच्या ओळीच्या फक्त बाहेरच्या कडेनं, बांधालगत, आत फवारत गेला.

घोंगडीवर जवळजवळ काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात तीन-चार थेंब होते. अनसाबाईनं तेही बोटानं टिपले, बोटाकडं पाहिलं.

"वारं न्हाई म्हून," ती म्हणाली.

"व्हय," व्यंकट म्हणाला. "वारं आसंल त्या दिशी ह्या ओळीत यायचंच न्हाई. ह्ये मशीनवर सोडायचं न्हाई, आपणच बगायचं."

अडचण एक राहिली होती, आणि ती श्रीपतरावांच्याच लक्षात आली. बांध आणि झाडं यांच्यामध्ये जागा इतकी अरुंद होती, की ट्रॅक्टरचं चाक कुंपणाच्या काट्यांत जात होतं. आज पाण्यावर कसाबसा निघाला, पण फळानं फांद्या खाली आल्यावर निघणार नव्हता. आतल्या अंगानं, अनसाबाईच्या रानाकडं तोंड करून मारायचं, तर ती घोंगडी पहिल्यासारखीच भिजणार होती. म्हणजे त्या ओळीची बाहेरची बाजू तशीच सोडायची. ते झाडांकडं बघत राहिले. ही ओळ त्यांनी सगळ्यात शेवटी लावली होती, राजूबाईंना दिवस गेले होते तेव्हा.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "भायरच्या अंगाला न्हाई लागलं फळ, तर न्हाई लागलं."

हे म्हणताना त्यांना किती जड गेलं, ते राजूबाईंना दिसलं. बहुतेक अनसाबाईलाही दिसलं असावं. ती घोंगडीची घडी घालत होती. घडी काखेत घेऊन ती निघाली आणि थोडं पुढं जाऊन थांबली.

"माझ्या रानात हुबं ऱ्हाऊन मारा की," ती म्हणाली. "पाठीवरच्या हातपंपानं. पाठ माझ्याकडं, तोंड झाडाकडं. वारं हिकडून तिकडं आसंल त्या दिशी."

श्रीपतरावांना क्षणभर तिचं म्हणणं नीट कळलंच नाही. "तुमच्या रानात?"

"मग काय आभाळात हुबं ऱ्हाणार? मेंढरं त्या दिशी लांब नेतेल हे. आन भाजी मी आता विहिरीच्या अंगाला लावीन, बांधाकडं न्हाई. पर मला आदी सांगायचं. मी हुबी ऱ्हाणार. थांबा म्हणलं की थांबायचं."

"थांबीन," श्रीपतराव म्हणाले.

कुंपण तिनं सगळं काढलं नाही. बांधाच्या कडेनं हातपंप घेऊन चालता येईल एवढ्या काट्या मात्र दुसऱ्या दिवशी बिराप्पानं ओढून बाजूला केल्या.

त्या वर्षी मोहोर टिकला. तुडतुडे होतेच, रोज सकाळी श्रीपतराव फांदीला टपली मारून बघत आणि घरी येऊन व्यंकटला सांगत. कधी व्यंकट म्हणे मारू या, कधी म्हणे थांबू या. थांबू या म्हणाला की श्रीपतरावांची दुपार अवघड जात असे. मग ते उठून बांधावर जाऊन बसत. तिथं राजूबाई आणि अनसाबाई भाकरी सोडून बसलेल्या असत. अनसाबाई त्यांच्याशी अजून मोजकंच बोलायची. मेंढरांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. तरी तो तिच्या मनातून गेला नव्हता, हे त्यांना जाणवायचं, आणि तो जावा अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही, हेही त्यांनी स्वतःशी मान्य केलं होतं.

फळ वाटाण्याएवढं झालं तेव्हा पुढची फवारणी आली. आतल्या ओळी व्यंकटनं मशीनवर केल्या. बांधाकडच्या ओळीसाठी पूर्वेचा वारा हवा होता. तो येईपर्यंत तीन सकाळी वाट बघण्यात गेल्या. चौथ्या सकाळी अनसाबाईनंच बिराप्पाला पाठवलं, "आज या म्हणायली."

श्रीपतरावांनी तोंडाला मास्क लावला, अंगात लांब बाह्यांचा सदरा घातला, पाठीवर पंप घेतला आणि काट्यांच्या फटीतून अनसाबाईच्या रानात पाऊल टाकलं. ज्या वाफ्यांत मेथी होती तिथं आता नुसती नांगरलेली माती होती. ते वळले आणि त्यांनी बागेकडं तोंड केलं.

या बाजूनं त्यांनी आपली बाग कधी पाहिलीच नव्हती. ही झाडं त्यांनी लावली, वाढवली, पण ती कायम आतून पाहिली. इथून ती उंच आणि दाट दिसत होती, बाहेरच्या फांद्या बांध ओलांडून या रानावर सावली टाकत होत्या. इतकी वर्षं अनसाबाईला हेच दिसत आलं असणार, त्यांच्या मनात आलं, आणि दरवर्षी या झाडांतून इकडं येणारं ते पांढरं धुकंही.

वारा पाठीवर लागत होता. त्यांनी दांडी वर धरली आणि खटका दाबला. फवारा झाडात शिरला. दोन झाडांच्या मध्ये आल्यावर त्यांनी बोट सैल केलं, फवारा थांबला. पुढचं झाड आल्यावर पुन्हा दाबलं. हळूहळू चालत त्यांनी निम्मी ओळ संपवली. विहिरीच्या कडेला अनसाबाई उभी होती, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून. तिच्या शेजारी राजूबाई.

"आण्णा," अनसाबाईनं हाक दिली. "थांबा. वारं फिरलं."

श्रीपतरावांना अजून काही जाणवलं नव्हतं. समोरच्या झाडाला फवारा नुकताच लागला होता, आणखी एका हाताचं काम होतं. त्यांनी बोट काढून घेतलं. पंप पाठीवरून उतरवून बांधावर ठेवला आणि मास्क खाली ओढला.

थोड्या वेळानं अनसाबाईच्या पदराचं टोक मागं उडालं तसं त्यांनाही कळलं की वारा खरोखरच उलटा झाला होता.

"उद्या बगू उरलेलं," ते म्हणाले.

"उद्या मला लवकर सांगा," अनसाबाई म्हणाली, "मी दुपारी तालुक्याला जायलेय."

आणि ती विहिरीकडं वळली, कारण मोटारीचं पाणी सुरू करायची वेळ झाली होती.